ह्यांच्या नावाचं झाड

आमच्या मामंजींना नावं दोन होती आणि माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, त्यांतलं एकही घेता येत नव्हतं. सगळ्या भानगडीचं मूळ हे.

गाव आमचं बेडसे. गावात, शिवारात, कामशेतच्या बाजारात मामंजींना सगळे दत्तोबा म्हणत. पण ते काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पाळण्यात ठेवलं होतं अर्जुन. लहानपणी गोवरात ते हातचे जायला आले, तेव्हा त्यांच्या आईने दत्ताला सांगितलं की हा आता तुझा, माझा नाही. त्या दिवसापासून घरात दत्तोबा हीच हाक सुरू झाली. पोर वाचलं, नाव गेलं. पुढे लग्नात भटजींनी पत्रिका बघून अर्जुन म्हटलं, तेव्हा वऱ्हाडातली माणसं एकमेकांना विचारत होती म्हणे, की लग्न कुणाचं लावताहेत.

नवरी मात्र कान देऊन ऐकत होती. तिने ते नाव जे मनात ठेवलं ते ठेवलंच. बायकोने नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे तिला आईने बजावून पाठवलेलं. सणासुदीला बायका अडून बसल्या तर उखाण्यात आत्याबाई दत्तोबा म्हणून मोकळ्या व्हायच्या, कारण ते गावाचं नाव. एरवी तेही नाही. दत्ताच्या देवळाला त्या ‘तीन तोंडांच्या देवाचं देऊळ’ म्हणायच्या. आणि खरं नाव तर उखाण्यातसुद्धा नाही. माझ्या लेकीला पांडवांची गोष्ट सांगायच्या ती अशी: “धर्म, भीम, मंग मदले त्ये, मंग नकुळ, मंग सादेव.” माझी लेक कितीतरी दिवस समजत होती की तिसऱ्या पांडवाचं नावच ‘मदले त्ये’ आहे. मी मात्र त्या गाळलेल्या जागेवरूनच मामंजींचं खरं नाव ताडलं.

मी परंदवडीची, रतन. तळेगावच्या शाळेत चार बुकं शिकले होते, त्यामुळे तोंड जरा सैल. तरी सासऱ्याचं नाव सुनेनेही घ्यायचं नसतं, आणि मीही कधी घेतलं नाही. इथे लिहितेय ते लिहिण्याला दोष नसतो असं मी माझ्यापुरतं ठरवलंय म्हणून. बोलून दाखव म्हणाल तर जमायचं नाही.

विजेची आगगाडी आमच्याकडे नवी नवी होती, त्या सुमाराची गोष्ट. मामंजींना धाप लागायला लागली. ओढ्यापर्यंत जाऊन आले तरी ओट्यावर बसून राहायचे, छातीत घण पडल्यागत होतंय म्हणायचे. डोकं ठणकायचं, संध्याकाळी पाय सुजायचे. आमचे हे, म्हणजे सोपान, लोणावळ्याला रेल्वेत होते आणि तिथल्याच चाळीत राहायचे. ते एकदा सुट्टीवर आले, वडिलांची दशा बघितली आणि त्यांना गाडीत घालून घेऊन गेले.

लोणावळ्याच्या डॉक्टरांनी दंडाला फडकं बांधून त्यात हवा भरली आणि पारा कुठवर चढतो ते बघत राहिले. मग म्हणाले, “रक्ताचा दाब फार वाढलाय, हृदयावर ताण आलाय. मीठ बंद. चढण चढायची बंद. रागावणं बंद.”

“मंग चालू काय ठिवायचं?” मामंजींनी विचारलं.

डॉक्टर हसले. सज्जन माणूस. म्हणाले, “बाबा, दाबावर खात्रीचं औषध माझ्याकडे नाही, उगीच रंगीत पाणी कशाला देऊ? समोर वैद्य आहेत. हृदयाला बळ देणारं त्यांच्याकडे काही असतं, ते घ्या. मिठाचं मात्र माझं ऐका.”

वैद्यांनी नाडी बघितली आणि एका सालीची भरड पुडीत बांधून दिली. अर्जुनाची साल. दुधात पाणी घालून, भरड टाकून, पाणी आटून नुसतं दूध राहीपर्यंत उकळायचं आणि गाळून सकाळी अनशापोटी द्यायचं. पुडी संपली की इतक्या लांब येत बसू नका, तुमच्या पवनेच्या काठाला ही झाडं आहेत, एखाद्या जाणत्याकडून काढून घ्या, असंही ते म्हणाले.

ह्यांनी घरी येऊन हे सगळं आईला सांगितलं. ‘अर्जुनाची साल’ म्हणताच आत्याबाईंनी पदर पुढे ओढला आणि चुलीकडे तोंड केलं. मला हसू आवरेना. हे लोणावळ्याला परत गेले आणि दुसऱ्या दिवसापासून घरात त्या दुधाचा वास यायला लागला.

त्या पुडीने गुण आला. मामंजींची सूज ओसरली, झोप लागायला लागली. मीठ तोडल्याचा राग मात्र गेला नाही. अळणी भाकरीकडे ते असे बघायचे की जणू आत्याबाईंनीच डॉक्टरला फितवलंय. एकदा पाटीखाली झाकलेल्या सुक्या बोंबलांतला एक कमी झाला. मांजराला बडवून झालं, मग आत्याबाईंनी मामंजींचा हात हुंगला. पण औषधावर त्यांचा भरवसा बसला तो बसलाच. “झाडाला बी त्येंचंच नाव,” त्या मला म्हणाल्या, “नावाला नाव राखतंय बग.”

पुडी संपत आली तेव्हा त्यांनी सारजाबाईला गाठलं. सारजाबाई आमच्या वरच्या ठाकरवाडीची. मध, हिरडे, रानातल्या भाज्या घेऊन मागल्या दाराला यायची आणि तांदूळ घेऊन जायची. रानातलं कुठलंही झाड तिला विचारा. मी त्या वेळी ओढ्यावर धुण्याला गेले होते. मामंजी पुढच्या ओट्यावर. मागल्या दाराला या दोघीच. बोलणं काय झालं ते मला नंतर कळलं.

आत्याबाई म्हणाल्या, “सारजे, आमच्या ह्यांच्या नावाचं झाड असतंय बग. त्येची साल पायजे.”

“हात्तिच्या,” सारजाबाई म्हणाली. “वळकीचं हाय. आनते की.”

आणि ती इमानाने आणत राहिली. आदल्या दिवशी झाडापाशी जाऊन, नाव घेऊन आवतण द्यायचं, की उद्या अमक्यासाठी तुझी साल न्यायला येतेय, रागावू नको. दुसऱ्या दिवशी अनवाणी जाऊन साल काढायची. ही त्यांची रीत. ती सारं काही रीतीने करत होती.

पण मामंजी पुन्हा खालावले. आधी पाय सुजले, मग पोटऱ्या. आडवं पडलं की जीव घाबरा व्हायचा, म्हणून भाताच्या पोत्याला टेकून बसून असायचे. आत्याबाईंनी दोष मिठाला दिला. बोंबलाची पाटी शेजारच्या कोंडाजीच्या घरी नेऊन ठेवली, मिठाची बरणी माझ्या ट्रंकेत कुलूप घालून ठेवायला लावली. सालीचं दूध सकाळी होतं ते संध्याकाळीही सुरू केलं. लोणावळ्याला न्यावं तर बैलगाडीच्या धक्क्यांनीच काही होईल अशी अवस्था. मामंजी दूध प्यायचे, वाटी खाली ठेवायचे, आणि आत्याबाईंना बरं वाटावं म्हणून म्हणायचे, “आज वाईच बरं हाय.” त्या आत येऊन भांडी घासत बसायच्या. घासलेलीच भांडी.

सुगी सरली तशी ठाकरवाडीची माणसं खाली कोकणात कोळशाच्या भट्ट्यांवर निघाली. सारजाबाई जायच्या दिवशी सकाळी सालीचा मोठा भारा घेऊन आली. मागल्या दाराशी मी एकटीच होते, आत्याबाई आत होत्या. भारा ओट्यावर टेकवत ती म्हणाली, “दोन म्हयने पुरंल. मावशीला सांग, गुरवारी काढलीया. दत्ताचं झाड, गुरवारी काढलेलं बरं.” आणि वळून चालायला लागली.

दत्ताचं झाड? मी साल उचलून बघितली, हुंगली. कळेना काही. आणि मग एकदम कळलं. दत्तोबा, म्हणून दत्ताचं झाड, म्हणून औदुंबर. मामंजी महिनाभर उंबराची साल पीत होते.

मी आत जाऊन आत्याबाईंना सांगितलं. मला वाटलं होतं त्या बसकण मारतील. त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं, मामंजींपाशी पाण्याचा तांब्या ठेवला, शेजारच्या झुंबरबाईला लक्ष ठेवायला सांगितलं आणि निघाल्या. मी पोरीला झुंबरबाईच्या कडेवर दिलं आणि मागोमाग धावले.

“आत्याबाई, गावातल्या कुणाला तरी सांगू. कोंडाजीभाऊ जातील.”

“कोंडाजीला सांगायचं म्हंजी काय सांगायचं? कंच्या झाडाची साल म्हनून?” त्या न थांबता म्हणाल्या. तेही खरं होतं. मामंजींचं खरं नाव गावात कुणालाच आठवत नव्हतं. मी ताडलं ते सोडलं, तर साऱ्या मावळात ते एकट्या त्यांच्यापाशीच होतं, आणि त्याच घेत नव्हत्या.

गावावरच्या डोंगरातल्या लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेवर आम्ही सारजाबाईला गाठलं. डोक्यावर बोचकं, काखेत पाटी, पाटीत कोंबडी. तिची माणसं पुढे निघून गेली होती. आम्हाला धावत येताना बघून तिचा चेहराच उतरला. “मालक…?”

“न्हाई, न्हाई. हायत,” आत्याबाई धापा टाकत म्हणाल्या. “झाड चुकलं, सारजे.”

“चुकंल कसं? तुमीच म्हनलात मालकाच्या नावाचं. मालक दत्तोबा, दत्ताचा उंबर. शेंबडं पोर बी सांगंल.”

“त्ये गावाचं नाव. खरं येगळंच हाय.”

“मंग सांगा की खरं.”

आत्याबाई पदराचं टोक पिळत राहिल्या. कोंबडी मात्र बोलत होती.

मग त्यांनी वर लेण्यांकडे बोट केलं. “ही लेनी ज्येंनी खोदली, त्ये पाच भाऊ म्हाईत हायत का तुला? पांडव?”

“आमच्यात म्हनत्यात देवानं खोदली.”

“बरं, देवानं. पर पाच भाऊ व्हते. त्येंच्यातलं मदले.”

“म्हंजी भीम?”

“भीम न्हाई. त्येच्या पाठचे.”

“त्येच्या पाठचं आमाला ठावं न्हाई, मावशी. आमाला भीमच ठावा. लय खायाचा त्यो.”

“बाण मारायचे ते,” मी मध्ये घातलं.

“बान आमचा आजा बी मारायचा.”

मला हसूही येत होतं आणि रागही. खाली एक माणूस पोत्याला टेकून श्वास ओढतोय आणि वर आम्ही तिघी कोडी घालतोय. मी म्हटलं, “पुरे झालं. मी सांगते.”

आत्याबाईंनी माझं मनगट असं पकडलं की बांगडी रुतली. “तू न्हाई.”

“अहो, मी सून. बायको नव्हे. माझ्या तोंडून काय व्हायचंय?”

“व्हायचं आसंल तर माज्या तोंडून व्हवू दे. उद्या काय इपरीत झालं तर जलमभर मनाला लावून घेशील, म्या नाव घेतलं म्हनून. तुला लेकरू हाय, तुला पुढं लय जगायचंय. माजं म्या बगून घीन.”

“मग उखाण्यात घ्या. उखाण्याला दोष नाही.”

“उखाना हासऱ्या तोंडानं घ्यायचा आसतो, रतन,” त्या म्हणाल्या. “त्येंना तितं दम पुरंना, आन म्या हितं उखाना घिऊ व्हय?”

त्यांनी वळून खाली बघितलं. तिथून आमच्या घराची कौलं दिसत होती. हात जोडले. ओठ हलले, पण आवाज काही आला नाही.

“काय म्हनलात?” सारजाबाईने विचारलं. तिला खरंच ऐकू आलं नव्हतं, बिचारीला. जे एकदा घ्यायचं जिवावर आलं होतं ते पुन्हा घ्यायचं आलं.

“अर्जुन,” आत्याबाई म्हणाल्या. या वेळी मोठ्याने. “अर्जुनाचं झाड. अर्जुन.” आणि तिथेच वाटेतल्या दगडावर बसून, माणूस गेल्यावर रडतात तशा रडायला लागल्या. मला त्या घटकेला त्यांच्याबद्दल जी माया वाटली, तेवढी माझ्या सख्ख्या आईबद्दलही कधी वाटली नसेल. सासू म्हणून त्यांनी मला कमी छळलं होतं असं नाही. पण ते सगळं मी त्या दगडापाशीच सोडलं.

सारजाबाईने डोक्यावरचं बोचकं उतरवून झुडपात ठेवलं, कोंबडीची पाटी माझ्याकडे दिली आणि कमरेचा कोयता चाचपला. “चला, नदीला जाऊ,” म्हणाली. “माजी मान्सं जातील फुडं. भट्टी काय पळून जात न्हाई.”

पवनेच्या काठी ते झाड उभं होतं. गुळगुळीत राखाडी-पांढरं खोड, जागोजाग पोपडे सुटलेले. याच्या सावलीत मी कितीदा बसले असेन, नाव विचारायचं कधी सुचलं नाही. आत्याबाईंनी वर बघितलं आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला, घरात मामंजी आले की ओढायच्या तसाच.

मग त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं. “सारजे, आवतन? आदल्या दिशी द्यायचं न्हवं?”

सारजाबाईने कोयता खाली केला. “तुमी वर नाव घेतलं की,” ती म्हणाली. “त्येच आवतन झालं. येवड्या जिवानं त्येला कुनी बोलवलं आसंल व्हय?” तिने झाडाला हात जोडले आणि कोयता चालवला.

मामंजी बरे झाले म्हणणं धाडसाचं होईल. धाप गेली नाही, चढण कायमची सुटली. पण सूज उतरली, आडवं पडता यायला लागलं, आणि काही दिवसांनी ते ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी मिठाची महती बोलायला लागले. गुण सालीचा, की मिठाच्या कुलपाचा, की उंबर थांबल्याचा, ते वैद्यांनाच विचारा.

बदलल्या त्या आत्याबाई. मामंजींच्या नजरेला नजर देईनात. ते खोकले की हातातलं भांडं सुटायचं. जवळून जाता जाता त्यांच्या छातीकडे बघायच्या, हलतेय ना म्हणून. एका सकाळी दूध द्यायला गेल्या तेव्हा मामंजींनी वाटी घेतली नाही, मनगटच धरलं. मी चुलीपाशी होते.

“काय झालंय तुला? घो मेल्यागत फिरतीस. म्या हाय की जिता.”

“म्या नाव घेतलं तुमचं,” आत्याबाई म्हणाल्या.

“कंचं नाव?”

“खरं. सालीसाठी घ्यावं लागलं. सारजीला त्याबिगार झाड कळंना.”

मामंजींनी मनगट सोडलं. म्हणाले, “तुला ठावं हाय त्ये?”

“लग्नात आयकलं व्हतं. भटानं घेतलं तवा.”

“मला वाटलं, आयेबरूबर गेलं त्ये,” मामंजी म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. “मला कुनी त्या नावानं हाक मारल्याली आठवत न्हाई. आये बी मारीत नसायची, देवाला भ्यायची. घे बगू.”

“काय?”

“नाव. म्या न्हाई आयकलं. त्या सारजीनं आयकलं, रतननं आयकलं, म्या न्हाई.”

“आवं, आयुष्य कमी व्हतंय.”

“ज्ये हाय त्येचं काय लोनचं घालू? त्यात मीठ बी न्हाई,” मामंजी म्हणाले. “आदी नाव घे, मंग दूध पितो. न्हाईतर हे गार व्हतंय बग.”

मी पोरीला उचललं, घागर कमरेवर घेतली आणि मागल्या दाराने बाहेर पडले. परत आले तेव्हा वाटी रिकामी होती आणि आत्याबाई कधी नव्हे ती शिळी भाजी मला न टेकवता स्वतःच्या ताटात वाढून घेत होत्या. पुढे हे रोजचंच झालं. मामंजी होते तोवर सकाळी दुधाची वाटी आत गेली की मी घरात थांबले नाही. घागर भरलेली असली तरी ती अंगणात रिकामी करायची आणि पाण्याला जायची.